घामाच्या एका चाचणीसाठी : राज्याच्या आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागाचे अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे निदान, औषधे व समुपदेशन सरकारी रुग्णालयांतून सुरू करण्याबाबत

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. गेल्या उन्हाळ्यात मी जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज दिला होता. या आजाराची घामाची चाचणी आपल्या भागातल्या एखाद्या सरकारी रुग्णालयात तरी व्हावी, एवढंच त्यात मागितलं होतं. लेखी उत्तर आलं, 'सदर आजार कार्यक्रमाच्या यादीत समाविष्ट नसल्याने कार्यवाही करता येत नाही.' तोंडी जे सांगितलं गेलं ते जास्त लागलं. 'मॅडम, हा गोऱ्या लोकांचा आजार. आपल्याकडे नसतो.' मुलगी तेव्हा माझ्या शेजारी उभी होती आणि खोकत होती.

उत्तर देणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना जी यादी दिली गेली, ती त्यांनी वाचून दाखवली. यादी बदलणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि ते उघड लिहिते आहे, कारण ज्यांच्या घरात असं मूल आहे पण आजाराचं नाव अजून कुणी सांगितलेलं नाही, अशा आईवडिलांच्याही ते वाचण्यात यावं.

आधी आजार काय आहे ते सांगते. पेशीच्या आवरणातून क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, आत-बाहेर जायला वाट असते. ही वाट एका प्रथिनाची बनलेली असते आणि ते प्रथिन कसं घडवायचं हे सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर नावाच्या जनुकात लिहिलेलं असतं. १९८९ साली टोरांटो आणि मिशिगन इथल्या शास्त्रज्ञांनी हे जनुक शोधून काढलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या लहान घटकांची साखळी. या १४८० घटकांच्या लांब साखळीत ५०८ व्या जागेवरचं एक गळालं तरी प्रथिन बिघडतं. जगभरात सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच. पण या जनुकातले दोन हजारांवर बदल आजवर नोंदले गेले आहेत. त्यातले सगळे आजार देत नाहीत, बरेच देतात.

वाट बंद पडली की शरीरातले स्राव घट्ट आणि चिकट होतात. फुप्फुसात कफ साचतो, त्यात जंतू ठाण मांडतात आणि वर्षावर्षाने फुप्फुस खराब होत जातं. स्वादुपिंडाचे पाचक रस आतड्यात उतरत नाहीत. खाल्लेलं तूप-तेल तसंच बाहेर पडतं आणि मूल ताटभर जेवूनही वाळत जातं. त्वचेवर मात्र उलटं होतं. घामातलं मीठ एरवी अंगात परत घेतलं जातं, ते घेतलं जात नाही. म्हणून या मुलांचा घाम खूप खारट असतो.

हा खारटपणा माझ्या सासूबाईंना सगळ्यांत आधी कळला होता. पोरीचा मुका घेतला की त्या ओठ पुसायच्या आणि म्हणायच्या, 'ही अशी खारट का लागती गं?' तिचा एक काळा फ्रॉक होता. उन्हातून आणून दांडीवर टाकला की वाळल्यावर गळ्याशी आणि काखेत पांढरी रेघ उमटायची, बोटाने घासली तर मिठाचे बारीक कण हाताला लागायचे. निदान तिथे, आमच्या अंगणात, दांडीवर लटकत होतं. ते वाचणारं कुणी आम्हाला पाच वर्षं भेटलं नाही.

त्या पाच वर्षांत काय काय झालं, ते मी तक्रारींच्या रूपाने मांडते.

पहिली तक्रार ही की, माझी मुलगी तुमच्या प्रत्येक यादीत होती, पण एकाही यादीने तिचा आजार विचारला नाही. अंगणवाडीत ती 'सॅम' म्हणजे तीव्र कुपोषित होती. सेविकाताईंनी मनापासून केलं, वजनं घेतली, जादा आहार दिला, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. तिथे चार दिवस ती बाळसं धरायची आणि घरी आली की पुन्हा मूळपदावर. मलाच विचारलं जायचं, 'तुम्ही नोकरी करता, मुलीच्या जेवणाकडे लक्ष असतं का?' तिची शी तेलकट, चिकट आणि विलक्षण घाण वासाची असते हे मी प्रत्येक ठिकाणी सांगितलं. जंताचं औषध मिळालं. जेवूनही वजन न वाढणाऱ्या मुलाची पचनाची बाजू तपासायला हवी, असं कुणाच्या कागदावरच नव्हतं.

दुसरी तक्रार टीबीची. छातीच्या एक्स-रेत डाग दिसले आणि सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू झाली. तपासणीत टीबीचा जंतू सापडला नव्हता. औषधं संपली, खोकला तसाच राहिला, तेव्हा पुन्हा तीच औषधं देण्याची गोष्ट निघाली. आपल्याकडे टीबी खूप आहे, डॉक्टरांना तो आधी आठवतो यात चूक नाही. पण पहिल्या उपचाराने फरक पडला नाही तर दुसरा कोर्स सुरू करण्याआधी थांबून दुसरं काही असेल का, हे पाहण्याची पायरी तुमच्या व्यवस्थेत असायला हवी. ती नाही. सिस्टिक फायब्रोसिसची किती मुलं आज टीबी, दमा किंवा 'वारंवार न्यूमोनिया' या नावांखाली उपचार घेत असतील, हे कुणालाही सांगता येणार नाही, कारण मोजायची सोयच केलेली नाही.

तिसरी तक्रार आमच्या भागातल्या उन्हाची. एका मे महिन्यात मुलगी अचानक मलूल झाली, मान टाकली. रक्तात सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम सगळंच घसरलं होतं. जुलाब नव्हते, उलट्याही फारशा नव्हत्या. सलाईन लावलं, ती उठून बसली, आम्हाला घरी पाठवलं. अंगातलं मीठ गेलं कुठे, हा प्रश्न कागदावर आला नाही. ते घामातून गेलं होतं. थंड देशांत हे क्वचित घडतं, उष्ण देशांत हीच या आजाराची मोठी खूण ठरू शकते. म्हणजे आजार 'आपल्याकडचा नाही' हे तर चुकीचं आहेच, उलट आपल्या हवेत तो जास्त धोक्याचा आहे. आणि तो आपल्याकडे नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की १९६८ सालीच भारतीय रुग्णाची नोंद इथल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली आहे.

अखेर एका खाजगी बालरोगतज्ज्ञांनी तिच्या बोटांची जाड, फुगीर टोकं पाहिली, सासूबाईंचं ते 'खारट' वाक्य ऐकलं आणि मुंबईला पाठवलं. ज्या चाचणीसाठी आम्ही इतकं फिरलो ती चाचणी कशी असते, तेही सांगते, म्हणजे ती जिल्ह्यात का होऊ नये हे मला कुणीतरी समजावून द्यावं. हाताच्या पुढच्या भागावर पायलोकार्पिन नावाचं औषध ठेवतात, थोडासा विजेचा प्रवाह सोडतात, तेवढ्या जागेला घाम येतो. तो अर्धा तास गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. सुई नाही, भूल नाही. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आकडा आला तर आजार असण्याची दाट शक्यता, ३० च्या खाली आला तर नसण्याची. ही पद्धत १९५९ साली प्रसिद्ध झाली आहे. पासष्टहून जास्त वर्षं जुनी चाचणी आमच्या सिव्हिल हॉस्पिटलला अजून पोहोचलेली नाही.

आता चौथी तक्रार, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यांत मोठी. हा आजार आनुवंशिक आहे. त्यामुळे तो एका मुलाचा कधीच नसतो, सगळ्या नात्यागोत्याचा असतो, आणि नात्यागोत्याला समजावून सांगणारं तुमच्याकडे कुणी नाही.

माझे पती माझ्या आत्याचा मुलगा. आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या घरांतही असेल. म्हणजे माझे वडील आणि माझ्या सासूबाई सख्खी भावंडं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. सीएफटीआरची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल तर माणूस निरोगी राहतो, त्याला वाहक म्हणतात आणि त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच आजार होतो. आमच्या दोघांच्या रक्तात अगदी तोच एक बदल सापडला. तो माझ्या आजोबांकडून आला असेल किंवा आजीकडून, पण त्यांच्यापासून माझ्या वडिलांच्या वाटेने माझ्यापर्यंत आणि आत्याच्या वाटेने माझ्या पतीपर्यंत पोहोचला, आणि मुलीत दोन्ही वाटा एकत्र आल्या. नात्यात लग्न नसतानाही दोन वाहक एकमेकांना भेटू शकतात, भेटतातही. नात्यात ती शक्यता वाढते, इतकंच.

दोघं वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला आजार असण्याची, चारात दोन वाहक असण्याची, चारात एक पूर्ण मोकळं असण्याची. प्रत्येक वेळी नव्याने. एक मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. हे मला गणित शिकवूनही आधी उमगलं नव्हतं, कारण कुणी माझ्यासमोर मांडलंच नव्हतं.

मुलीच्या आधी मला एक मुलगा झाला होता. जन्मल्यावर त्याची पहिली काळी शी लवकर झाली नाही, पोट फुगलं होतं. मग छाती सतत भरलेली. पाच महिन्यांचा असताना गेला. कागदावर न्यूमोनिया लिहिलं आहे. मुलीचं निदान झालं तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. आता खात्रीने म्हणता येणार नाही, पण त्यालाही हाच आजार असण्याची शक्यता मोठी आहे, असं ते म्हणाले. त्या वेळी जर निदान झालं असतं तर मुलीला जन्मल्याच्या आठवड्यात औषधं सुरू झाली असती. पाच वर्षांत तिच्या फुप्फुसाचं जे नुकसान झालं ते आता भरून येणार नाही.

मधल्या काळात गावाने काय म्हटलं असेल ते तुम्ही समजू शकता. हिच्या कुशीलाच दोष. पाठ फिरवली की कुजबुज. माझ्यासमोर बोलायला कुणी कचरत नसे, माझ्या पतींना मात्र एका शब्दाने कुणी विचारलं नाही. आजार आईवडील दोघांकडून सारखाच येतो, हे एखाद्या समुपदेशकाने आमच्या घरी बसून सांगितलं असतं, तर ते बोलणं त्याच दिवशी थांबलं असतं. मुंबईहून आल्यावर ते मीच सांगितलं, शाळेतल्या फळ्यावर काढतात तशी आकृती काढून. सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'म्हंजी माझ्यातूनबी आलंय तर.' त्यानंतर त्यांनीच वाड्यातल्या बायकांना गप्प केलं.

माझी धाकटी बहीण याच घरात, माझ्या दिराला द्यायचं घरच्यांच्या मनात होतं. दोघांचीही तपासणी करून घेतली. घरातला नेमका बदल माहीत असला की इतरांमध्ये तेवढाच शोधायचा असतो, त्याला खर्चही कमी लागतो. बहीण वाहक निघाली, दीर नाही. म्हणजे त्यांच्या मुलांना आमच्या घरातला हा आजार होणार नाही. लग्न झालं. दोघंही वाहक निघाले असते तरी निर्णय त्यांचाच राहिला असता, पण डोळे उघडे ठेवून घेतलेला. गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात गर्भाच्या वारेचा नमुना घेऊन तपासणी करता येते, कायद्याने आनुवंशिक आजारासाठी तिला परवानगी आहे, हेही त्यांना सांगता आलं असतं. हा सगळा सल्ला आम्हाला मिळाला तो आम्ही मुंबई गाठू शकलो म्हणून. माझ्या वर्गातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या आयांना तो कोण देणार?

तुमच्या विभागाला हे शिकवायची गरज नाही, हेच मला जास्त टोचतं. सिकलसेल हा रक्ताचा आजार अगदी याच पद्धतीने वारशात येतो. नंदुरबार, गडचिरोलीत तुमचेच कर्मचारी घरोघर जाऊन वाहक म्हणजे काय, दोन वाहकांचं लग्न झालं तर काय, हे सांगतात, कार्डं देतात. माणसं आहेत, तक्ते आहेत, भाषा आहे. त्यात आणखी एका आजाराचं नाव घालायचं आहे. सिस्टिक फायब्रोसिस सिकलसेलइतका आढळत नाही, मला मान्य आहे. म्हणून मी घरोघर तपासणी मागत नाही. ज्या घरात एक मूल सापडलं, त्या घरापर्यंत तरी जा, एवढंच मागते.

पाचवी तक्रार उपचाराची, ती थोडक्यात. मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी. त्याच्या आजारांच्या यादीत श्वासनलिकांचा दमा आहे, सिस्टिक फायब्रोसिस नाही, आणि म्हणून आमची मुलं दम्याच्या रकान्यात जाऊन बसतात. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात मात्र या आजाराचं नाव आहे. कफ पातळ करणारं डॉर्नेज हे औषध तिसऱ्या गटात नमूद आहे, मुंबईच्या केईएम रुग्णालयासारखी उत्कृष्टता केंद्रं नेमली आहेत, ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. पण त्या केंद्राच्या दारात जायला आधी निदान लागतं, आणि निदान जिल्ह्यात होत नाही. महात्मा फुले योजना दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. आमची लढाई मात्र रोज घरात चालते. प्रत्येक जेवणासोबत पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं, सकाळ-संध्याकाळ क्षारपाण्याचं नेब्युलायझर, मग पाठ थोपटून कफ सोडवायचा, आणि आठवडाभर भारनियमन असलं की शेजारच्या गावातल्या भावाच्या घरी मशीन घेऊन जायचं. कॅप्सूल आमच्या तालुक्यात मिळत नाहीत. महिन्याचा खर्च शिक्षकाच्या पगारालाही जड जातो.

मूळ दोषावरच काम करणारी तीन औषधांची एकत्रित गोळी अमेरिकेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मंजूर झाली. तिथे तिची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या वर आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत भारतासह चार देशांतल्या रुग्णांच्या कुटुंबांनी या औषधाच्या पेटंटविरुद्ध आपापल्या देशांत दाद मागितली. आपल्या कायद्यात सक्तीच्या परवान्याची, म्हणजे पेटंट एका कंपनीकडे असतानाही दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवू देण्याची, सोय आहे. २०१२ मध्ये एका कर्करोगाच्या औषधाला तो परवाना मुंबईतूनच दिला गेला आणि महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला. हे राज्याच्या हातात नाही, मला ठाऊक आहे. पण राज्याचं पत्र केंद्राला जाऊ शकतं. आणि ती गोळी ठरावीक बदलांवरच चालते, भारतीय मुलांमध्ये बदलांचं प्रमाण युरोपाहून वेगळं आहे. कुठल्या मुलात कोणता बदल आहे याची नोंद राज्याकडे नसेल, तर उद्या औषध स्वस्त झालं तरी ते कुणाला द्यायचं हे कळणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा :

राज्याच्या सहाही महसुली विभागांत किमान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घामाची चाचणी मोफत सुरू करावी. महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. दोन विभागांनी एकमेकांकडे बोट न दाखवता एकत्र बसून हे ठरवावं.

तीव्र कुपोषित मूल आहार देऊनही वाढत नसेल, टीबीच्या उपचारांना दाद देत नसेल, उन्हाळ्यात वारंवार मीठ घसरत असेल किंवा घरात आधी एखादं बाळ छातीच्या आजाराने गेलं असेल, तर त्याला या चाचणीसाठी पाठवलंच पाहिजे, असं परिपत्रक काढावं. आशाताईंच्या आणि अंगणवाडीच्या प्रशिक्षणात एक प्रश्न घालावा, 'बाळाचा घाम खारट लागतो का?'

निदान झालेल्या प्रत्येक घराला आनुवंशिकतेचं समुपदेशन मिळावं, आईवडील दोघांना समोर बसवून आणि मराठीतून. सिकलसेलच्या समुपदेशकांना त्यासाठी तयार करावं. जवळच्या नातेवाइकांची वाहक तपासणी सरकारी खर्चाने व्हावी.

एन्झाइम कॅप्सूल, जीवनसत्त्वं, नेब्युलायझरची औषधं आणि लागतील ती प्रतिजैविकं जिल्हा रुग्णालयातून दर महिन्याला मोफत मिळावीत. या मुलांना टीबीच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसवू नये, आणि दोन सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांनाही शेजारी शेजारी बसवू नये, त्यांचे जंतू एकमेकांना लागतात.

रुग्णांची राज्य नोंदवही सुरू करावी, त्यात जनुकातला बदलही नोंदवावा, आणि नव्या औषधांसाठी राज्याने केंद्राला लेखी शिफारस करावी.

या मागण्यांवर तीन महिन्यांत लेखी उत्तर मिळावं अशी विनंती आहे. कार्यक्रमाच्या यादीत नाव नाही, हे उत्तर मला मिळालेलं आहे. ते पुन्हा पाठवू नये. आशाताईंसाठी खुणांचा तक्ता मराठीत करायचा असेल तर मी तो विनामूल्य करून देईन, शाळा सांभाळून प्रशिक्षणालाही येईन.

आपली विश्वासू,
चौथीत शिकणाऱ्या एका मुलीची आई